तापाला घड्याळ कोण लावणार?

गोव्यात कोणाच्या छातीत दुखायला लागलं तर आता बरीच सोय झालीय, हे आधीच सांगून टाकते. स्टेमी-गोवा म्हणून योजना आहे, त्यातल्या सरकारी इस्पितळात किंवा आरोग्य केंद्रात माणसाला नेलं की ईसीजी काढतात, तो लगेच गोमेकॉतल्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या, हृदयाच्या डॉक्टरांना जातो, त्यांनी बघून सांगितलं की गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथल्या तिथे फुकट देतात आणि मग १०८ मधून पुढे बांबोळीला. म्हणजे आमच्या सत्तरीसारख्या कोपऱ्यातल्या तालुक्यातल्या माणसालाही पणजीच्या माणसाइतकाच चान्स मिळावा असा विचार कोणीतरी बसून केलाय. मला त्याचं खरंच कौतुक आहे, आमच्या वाड्यावरचे एक काका त्यामुळेच आज हिंडते फिरते आहेत.

हे आधी लिहायचं कारण म्हणजे पुढे मी जे लिहिणारेय ते वाचून ही नुसती डॉक्टरांना नावं ठेवायला बसलीय असं कोणाला वाटू नये. मला एवढंच म्हणायचंय की हृदयाच्या बाबतीत आपण सगळ्यांनी मान्य केलंय की वेळ गेली तर औषध जवळ असून उपयोग नाही. पक्षाघाताचंही तसंच, गुठळीमुळे आलेला असेल तर ते इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच द्यावं लागतं, आणि इस्पितळातल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याला हे माहीत असतं. पण तापाने फणफणलेला माणूस आला की हे घड्याळ कुठे जातं? त्याला बाकावर बसवतात. आणि तो बसतो, कारण ताप तर सगळ्यांनाच येतो.

माझ्या बाबांना ताप आला तो चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी. पावसाने कुळागरातले, म्हणजे आमच्या सुपारी-नारळाच्या बागेतले, पाट गाळाने भरले होते आणि बाबा ते साफ करत होते, अनवाणीच, आमच्याकडे कुळागरात बूट घालून कोण काम करतं. पायाला कुठेतरी खरचटलेलं होतं. मी पणजीला नोकरी करते, चवथीला घरी आले तेव्हा ते ओटीवर पांघरूण घेऊन पडलेले, माटोळी, म्हणजे गणपतीवरची रानफळांची सजावट, बांधायला दादा एकटाच. बाबा स्वतः माटोळी बांधत नाहीत म्हणजे काहीतरी मोठं आहे हे मला तिथेच कळलं. ताप, अंगदुखी, डोळे लाल, आणि सारखं एकच म्हणायचे की पोटऱ्या फार दुखतात गो, पाय टेकवत नाही.

आमचे नेहमीचे डॉक्टर चवथीसाठी त्यांच्या गावी गेलेले. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, त्यांच्या घरीही गणपती असतो, वर्षभर तो माणूस रात्री-अपरात्री दार उघडतो. पण ते नसताना कुठे जायचं हे सांगणारी एक पाटीसुद्धा दवाखान्यावर नव्हती, बाजार बंद, बाकीचे दवाखाने बंद, गोव्यात चवथीला काय असतं ते तुम्हाला माहीत आहेच. एक दवाखाना उघडा मिळाला, तिथे मरणाची गर्दी, आमचा नंबर लागला तेव्हा डॉक्टर इतके दमलेले होते की त्यांनी बाबांच्या तोंडाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. व्हायरल आहे, सगळीकडे आहे, एक इंजेक्शन, पॅरासिटामॉल, नाही उतरला तर रक्त तपासा. नाही उतरला. रक्त तपासलं, डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली, प्लेटलेट थोड्या कमी होत्या. डेंग्यू नाही म्हटल्यावर सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि खरी गडबड तिथेच झाली, कारण डेंग्यू नाही तर मग काय आहे हे कुठल्याच डॉक्टरने विचारलं नाही.

लॅबवाल्याला मी स्वतः म्हटलं की लेप्टोची, म्हणजे उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची, टेस्ट होते का. तो म्हणाला ती बाहेर पाठवावी लागते, सॅम्पल सुट्टीनंतर जाईल, रिपोर्ट कधी येईल सांगता येत नाही. घ्या म्हटलं तरी. बाबांच्या दंडातून अजून एक छोटी बाटली रक्त घेतलं आणि ते फ्रीजमध्ये जाऊन बसलं.

मग ताप उतरला. बाबा उठून बसले, आरतीला घुमट, म्हणजे आमचं मातीचं चर्मवाद्य, वाजवणाऱ्या पोरांच्या शेजारी टेकून बसले, आईने त्यांना पेज दिली, ती त्यांनी घेतली. घरात सगळ्यांना वाटलं सुटलो. दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला की बाबा सकाळपासून लघवीला गेलेच नाहीत, आणि उजेडात नेऊन बघितलं तर डोळे हळदीसारखे पिवळे.

इथे जरा थांबून सांगते, कारण हे मला नंतर वाचून आणि डॉक्टरांना विचारून कळलं आणि माझ्या मते पावसाळ्यात शेतात जाणाऱ्या प्रत्येक घरात हे माहीत पाहिजे. लेप्टोचे जंतू उंदरांच्या आणि काही जनावरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात, चिखलात येतात आणि कातडीला जखम असेल तर तिथून किंवा डोळ्या-नाकातून आत शिरतात. बहुतेकांना नुसता ताप येऊन जातो. पण काहींना मध्ये एक-दोन दिवस बरं वाटतं आणि मग तो लिव्हर, किडनी, फुप्फुस धरतो. पोटऱ्यांचं दुखणं आणि लाल डोळे ही त्याची जुनी ओळखीची खूण आहे. रक्तातली अँटीबॉडीची टेस्ट पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, संशय आला की औषध सुरू करायचं, हेच डॉक्टरांना शिकवलेलं असतं. आणि ते औषध काय, तर सुरुवातीलाच पकडलं तर डॉक्सीसायक्लिन, जुनी स्वस्त गोळी, कुठल्याही फार्मसीत मिळते. डेंग्यूतसुद्धा धोका ताप उतरताना असतो, पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, एकदम गळून जाणं, हे तेव्हा सुरू होतं जेव्हा घरचे म्हणतात आता बरा आहे. म्हणजे तापालासुद्धा घड्याळ आहे. ते हृदयासारखं मिनिटांचं नसेल, पण आहे.

बाबांना आम्ही शहरातल्या एका खासगी नर्सिंग होमला नेलं, नाव घेत नाही, कारण तिथे जे झालं ते दुसरीकडेही झालं असतं. काउंटरवर आधी डिपॉझिट, मग सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड आहे का, कार्ड कुठलं, ह्या आजाराला चालतं का, फोटोकॉपी आणा, फोटोकॉपीचं दुकान चवथीला बंद. दादा धावपळ करतोय, मी बाबांना खुर्चीवर धरून बसलेय. भरती केल्यावर सलाइन लावलं, रक्त घेतलं आणि रात्री उशिरा येऊन सांगितलं की क्रिएटिनिन खूप वाढलंय, म्हणजे किडनी नीट चालत नाही, डायलिसिस लागेल, आमच्याकडे किडनीचे डॉक्टर चवथीनंतर येतात, दुसरीकडे हलवा. हलवतो म्हटलं. तर बिल भरून झाल्याशिवाय कागद देणार नाहीत, बिल करणारा माणूस सकाळी येणार. मी त्या काउंटरवर रडले नाही, ओरडलेही नाही, मी नुसतं विचारत राहिले की मग तोपर्यंत ह्या माणसाचं काय, आणि काउंटरवरची मुलगी, बिचारी माझ्याहून लहान असेल, सारखं एकच म्हणत होती, मॅडम मला तसं सांगितलेलं नाही.

शेवटी रात्रीच निघालो, कागद नंतर बघू म्हणून. १०८ आली, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, आतल्या मुलाने बाबांचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. मोठ्या सरकारी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत पोचलो तेव्हा ट्रॉल्यांची रांग, भिंतीला टेकून बसलेली माणसं, एका ट्रॉलीवर दोघं. तिथे पण बराच वेळ गेला. पण तिथे एक तरुण डॉक्टर मुलगी आली, चोवीस-पंचवीसची असेल, डोळे झोपेने सुजलेले, तिने बाबांना विचारलं, काका काम काय करता? बाबा म्हणाले बागायत. ती खाली वाकली, पोटऱ्या दाबून बघितल्या, बाबा ओरडले, तिने पायाची जखम बघितली आणि तिथेच उभी राहून सांगितलं की लेप्टो धरून चाला, इंजेक्शन आत्ताच सुरू करा, रिपोर्टला थांबू नका. एक प्रश्न विचारायला किती वेळ लागला असेल? तो प्रश्न त्याआधी कोणीच विचारला नव्हता.

बाबांना डायलिसिस लागलं. लेप्टोमध्ये किडनी बंद पडली तरी आधार वेळेत मिळाला तर बहुतेक वेळा परत चालू होते, बाबांची झाली. ते आता घरी आहेत, वजन अर्धं झालंय, कुळागरात जातात पण पायऱ्या चढताना थांबतात. त्या लॅबचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांचं अर्धं औषध संपलेलं होतं. पॉझिटिव्ह.

लोक म्हणतात मग झालं ना बरं, आता कशाला उगाळत बसतेस. उगाळते कारण मी सगळा हिशेब मांडून बघितला तर कुठेही एक माणूस वाईट वागला असं नाही. दमलेला डॉक्टर, बंद लॅब, काउंटरवरची मुलगी, भरलेली कॅज्युअल्टी. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा वेळ गेला आणि तो गेलेला वेळ कोणाच्याच खात्यावर लिहिलेला नाही. पहिल्या दवाखान्याला माहीत नाही पुढे काय झालं. लॅबला माहीत नाही तो रिपोर्ट कोणासाठी होता. सगळ्या कड्या जोडून धरणारा एकच माणूस होता आणि तो म्हणजे दादा, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. ज्याला असा दादा नाही त्याचं काय होत असेल? आमच्या वाड्यावर दोन म्हातारी माणसं एकटी राहतात, मुलं बाहेरगावी.

आणि दुसरी गोष्ट, ओळख. गोव्यात हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्याची लाज पण वाटेनाशी झालीय. त्या रात्री मला आलेल्या प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न हाच होता, आत कोण ओळखीचा आहे का? पंचाला फोन करा, आमदाराच्या पीएला सांगा, अमक्याची वहिनी नर्स आहे. आम्ही पण केले फोन, कोण नाही करणार, बाप ट्रॉलीवर असताना. पण त्याच रांगेत सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गहून आलेलं एक कुटुंब होतं, त्यांना गोव्यात कोण ओळखणार? सिंधुदुर्गातली, कारवारची माणसं पिढ्यानपिढ्या गोव्यात उपचाराला येतात कारण त्यांना जवळचं मोठं इस्पितळ हेच. २०१८ मध्ये बाहेरच्या रुग्णांना गोमेकॉत शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात केवढं आंदोलन झालं आठवतंय ना. पैसे घ्यावे की न घ्यावे हा वाद बाजूला ठेवू, पण आजारी माणसाचा नंबर त्याच्या आजाराप्रमाणे लागला पाहिजे, ओळखीप्रमाणे नाही, ह्यावर तरी वाद नसावा.

कायदा काय म्हणतो ते मी मुद्दाम शोधून वाचलं. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा एक मजूर रेल्वेतून पडला, डोक्याला गंभीर मार. त्याला एकामागून एक सरकारी इस्पितळांत नेलं, कुठे सोय नाही, कुठे बेड नाही, शेवटी खासगी इस्पितळात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. त्याच्या संघटनेने, पश्चिम बंग खेत मजदूर समितीने, सुप्रीम कोर्टात केस केली आणि १९९६ मध्ये कोर्टाने सांगितलं की सरकारी इस्पितळाने गरजू माणसाला वेळेवर उपचार न देणं म्हणजे घटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचाच भंग आहे, आणि पैसे नाहीत हे सरकारला कारण सांगता येणार नाही. त्याला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. पण मला त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. कोर्टाने तेव्हाच सांगितलं होतं की प्राथमिक केंद्रात माणसाला स्थिर करण्याइतकी सोय हवी, जिल्हा आणि उपविभागीय इस्पितळं सुधारायला हवीत, आणि कुठल्या इस्पितळात बेड रिकामा आहे हे कळण्यासाठी राज्यात एक मध्यवर्ती संपर्क यंत्रणा हवी, म्हणजे माणसाला थेट तिथेच पाठवता येईल. १९९६ सालची गोष्ट आहे ही, तेव्हा मोबाइलसुद्धा नव्हते लोकांकडे. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, घरबसल्या सिनेमातली रिकामी खुर्ची दिसते, आणि रात्री दीड वाजता डायलिसिसची सोय कुठे आहे हे कळायला मला ओळखीच्या माणसांना झोपेतून उठवावं लागलं.

गोवा म्हणजे केवढं, ३७०२ चौरस किलोमीटर. इथे १८४२ सालापासून डॉक्टर शिकवले जातायत. म्हापशाला जिल्हा इस्पितळ, मडगावला जिल्हा इस्पितळ, वर बांबोळी, प्रत्येक तालुक्यात कुठलं ना कुठलं सरकारी केंद्र, दीनदयाळ स्वास्थ्य कार्डावर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण. दुसऱ्या राज्यातल्या माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. पण कार्ड पैशांचा प्रश्न सोडवतं, वेळेचा नाही. ज्या माणसाला रात्रीच पोचायला हवं होतं तो सकाळी पोचला तर कार्डावर कितीही लाख असले तरी ती रात्र परत येत नाही.

आणि हे होऊ शकत नाही असं मला कोणी सांगू नका, सत्तरीत आम्ही होताना बघितलंय. २०१५ मध्ये पालीत माकडताप निघाला. काजूच्या बागांत काम करणारी माणसं, मेलेल्या माकडांवरच्या गोचिडी चावून ताप, सुरुवातीला नाव पण कोणाला माहीत नव्हतं, नमुने मणिपालला जायचे. माणसं गेली त्यात. त्या आजारावर खास असं औषधच नाही, नुसता आधार द्यायचा, लक्ष ठेवायचं. पण एकदा ओळख पटल्यावर केवढा बदल झाला! माकड मेलेलं दिसलं की कळवायचं हे शाळेतल्या पोरांना पाठ झालं, जंगलात जाताना अंगाला लावायचं तेल वाटलं, लस दिली, काजूच्या दिवसांत ताप आला की डॉक्टर पहिला प्रश्न विचारायला लागले, काजूत गेला होतात का? एक प्रश्न. तोच प्रश्न पावसाळ्यात का नाही, पाण्यात, चिखलात काम करता का?

मला मोठी यंत्रं नकोत, नवीन इमारत नको, उद्घाटन तर नकोच. पावसाळ्यात आरोग्य केंद्रात तापाच्या माणसांसाठी वेगळं टेबल असावं आणि केस पेपरवर छापलेलंच असावं, काम काय, कितवा दिवस, पोटऱ्या दुखतात का, लघवी होते का. पुढे पाठवताना कागदावर वेळ लिहावी, कधी आला आणि कधी निघाला, म्हणजे मधला वेळ कोणाच्या तरी नजरेला पडेल. पाठवणाऱ्या डॉक्टरने पुढच्या इस्पितळात फोन करावा, जसा ते छातीत दुखणाऱ्या माणसासाठी करतात. बसणाऱ्याला कोणीतरी येऊन सांगावं की अजून किती वेळ लागेल, दोन तास तर दोन तास, माणूस दोन तास बसतो हो, पण किती ते माहीत नसताना बसवत नाही. चिखलात उतरणाऱ्या शेतकऱ्यांना पावसाळ्यात आठवड्याला एकदा डॉक्सीसायक्लिन देतात काही ठिकाणी, आधीच बचाव म्हणून, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आमच्याकडेही मिळावी. आणि चवथीच्या दिवसांत तालुक्यातला कुठला दवाखाना, कुठली लॅब, कुठली फार्मसी उघडी, ह्याची यादी पंचायतीच्या बोर्डवर लागावी, एक पान आहे ते, फार्मसीवाल्यांना आणि डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारलं की तयार.

ह्यातल्या शेवटच्या दोन गोष्टी मी आणि दादा येत्या ग्रामसभेत मांडणार आहोत, अर्ज लिहून ठेवलाय, सह्या गोळा करतोय. केस पेपरच्या प्रश्नांचं आरोग्य केंद्रातल्या मॅडमशी बोलले, त्या म्हणाल्या लिहून द्या, मी वर पाठवते. दिलंय लिहून. तुमच्या गावात असं काही आधीच चालू असेल, सणाच्या दिवसांची यादी, तापाचं टेबल, काहीही, तर मला कळवा, म्हणजे ग्रामसभेत कोणी हे जमणार नाही म्हणालं तर मला गावाचं नाव सांगता येईल.